डाळिंबाच्या आत राहणारे जिवाणू: नवी बाग लावणाऱ्यांसाठी

उसाच्या बेण्याला ॲसिटोबॅक्टरचं कल्चर लावलेला शेतकरी पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव भेटतो. पुण्याजवळच्या मांजरीतल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं कल्चर आणायचं, बेणं त्यात बुडवायचं आणि युरियाची मात्रा कमी करायची, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. हा जिवाणू मातीत नाही, तर उसाच्या आत, मुळात आणि कांड्यात राहतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. १९८८ मध्ये ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी तो उसाच्या मुळांतून आणि खोडातून वेगळा काढला, तेव्हा पिकाच्या आत राहून नत्र देणारा जिवाणू म्हणून त्याचं फार कौतुक झालं.

फळझाडांच्या आतही असे जिवाणू असतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या संशोधकांनी २०१९ मध्ये सफरचंदांवर काम केलं. २४० ग्रॅमच्या एका फळात साधारण दहा कोटी जिवाणू निघाले, आणि त्यातले बहुतेक बियांत आणि गाभ्यात होते, सालीवर अगदी थोडे. डाळिंबाचंही झाड आतून निर्जंतुक नसतं. मुळात, खोडात, पानात, फुलात बॅसिलस, स्युडोमोनास, पँटोइया अशा गटांतले जिवाणू पेशींच्या मधल्या फटींत आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत वस्ती करून असतात. मुळात त्यांची गर्दी सर्वांत जास्त, आणि खोडातून वर जावं तशी ती कमी होत जाते.

नवी बाग लावणाऱ्याने हे कशासाठी वाचायचं? कारण दुकानात हल्ली 'आत शिरणारे जिवाणू' म्हणून बाटल्या विकल्या जातात, आणि बाग लावल्यावर पहिल्याच वर्षी माणूस त्यावर चांगले पैसे घालतो. माझं मत सरळ आहे: बाटली ही शेवटची गोष्ट. आधी रोप, मग मुळी, मग फवारणीचं वेळापत्रक. या तीन ठिकाणी चूक असेल तर बाटलीतले जिवाणू ड्रममधून जमिनीवर ओतले जातात आणि तिथेच संपतात.

हे करतात तरी काय

थोडक्यात सांगतो. काही जिवाणू हवेतला नत्र झाडाला उपलब्ध करून देतात. काही अडकलेलं स्फुरद विरघळवतात. काही झाडाच्या वाढीची संप्रेरकं तयार करतात, त्यामुळे मुळी जास्त फुटते. काही जण लोह पकडून धरणारे रेणू सोडतात. लोह मिळालं नाही की रोगकारक बुरशी जोमाने वाढत नाही. बॅसिलस गटातले जिवाणू इट्युरिन, फेंजायसिन यांसारखे बुरशीमारक पदार्थ बनवतात.

मला यातलं सगळ्यात कामाचं वाटतं ते वेगळंच. उन्हाचा, पाण्याचा, क्षारांचा ताण आला की झाड इथिलिन बनवतं आणि मुळांची वाढ थांबवतं. काही आतल्या जिवाणूंकडे असं विकर असतं जे इथिलिन बनण्याआधीचा कच्चा माल तोडून टाकतं. मुळी मग ताणातही थोडी चालू राहते. सांगोला, आटपाडी, मंगळवेढा या भागात उन्हाळ्यातलं पाणी कसं असतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या एका गुणाची किंमत कळेल. शिवाय मुळात जिवाणू बसला की पानांची रोगाशी लढायची तयारीही वाढते, म्हणजे संरक्षण फक्त मुळापुरतं राहत नाही.

तरीही चमत्काराची अपेक्षा नको. पावसाळ्यात ढगाळ हवा, रोज भुरभुर आणि शेजारच्या बागेत तेल्या (डाळिंबावरचा काळपट डागांचा रोग) असेल तर कुठलाही जिवाणू एकटा तुमची बाग वाचवणार नाही.

दार कुठे आहे

बाहेरचा जिवाणू झाडात शिरतो कुठून, हे कळलं की निम्मा लेख कळला. मुख्य वाट मुळाची. बाजूची कोवळी मुळी जुन्या मुळाची साल फोडून बाहेर येते, तिथे बारीक चीर पडते. त्या चिरेतून, आणि मुळाच्या टोकामागच्या कोवळ्या भागातून जिवाणू आत जातो. वाढ थांबलेल्या, तपकिरी झालेल्या मुळीला अशी दारं फारच कमी. म्हणूनच 'पांढरी मुळी चालू आहे का' हा डाळिंबवाल्यांचा रोजचा प्रश्न इथेही पहिला प्रश्न आहे. दुसरी वाट पानांवरच्या रंध्रांची, तिसरी छाटणीच्या जखमांची, चौथी फुलांची.

याच दारांतून वाईटही येतात. तेल्या म्हणजे झँथोमोनास हा जिवाणूच आहे, आणि तो रंध्रांतून व जखमांतूनच आत घुसतो. मर रोगाची सिराटोसिस्टिस बुरशी मुळातून येते आणि आतल्या पाण्याच्या नळ्यांत पसरते. मोसंबी-संत्र्याकडे ग्रीनिंग रोगाचा जिवाणू अन्नरसाच्या नळ्यांत राहतो आणि कलमातून एका झाडाचा दुसऱ्या झाडात जातो. आतमध्ये राहणारा तेवढा चांगला, असं समजायचं कारण नाही.

पायरी १: रोप निवडताना जिवाणूही निवडले जातात

डाळिंबात रोप दोन तऱ्हेने मिळतं, गुटी कलम आणि टिश्यूकल्चर. दोन्हींत आतल्या जिवाणूंचा हिशोब पूर्ण वेगळा आहे.

गुटी म्हणजे मातृवृक्षाच्या फांदीलाच मुळ्या फोडणं. त्या फांदीत जे काही आहे ते सगळं रोपासोबत येतं, चांगलं आणि वाईट दोन्ही. निरोगी, जुन्या, जोमदार झाडाची गुटी असेल तर तिच्यात त्या झाडाची जमलेली वस्ती असते. तेल्या असलेल्या बागेची गुटी घेतली तर तेल्याही आयता येतो, कारण तो खोडावरच्या चिरांत आणि डोळ्यांत दडून बसतो. रोपवाटिका बघायला गेलात तर नुसती रोपं बघून परतू नका. मातृबाग दाखवा म्हणा. खोडावर, फांद्यांच्या पेऱ्यांवर काळपट चिरा किंवा फुटल्यासारखे डाग दिसले तर तिथून रोप घेऊ नका, भाव कितीही कमी असो. मातृबाग दाखवायला टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच.

टिश्यूकल्चरचं रोप रोगमुक्त असतं, हा त्याचा मोठा फायदा. पण प्रयोगशाळेत सगळं निर्जंतुक करताना चांगले जिवाणूही बहुतेक गेलेले असतात, आणि हार्डनिंगच्या (रोप बाहेरच्या हवेला सरावायच्या) पिशवीत मुख्यतः कोकोपीट असतं, त्यात फार काही जिवंत नसतं. केळीच्या टिश्यूकल्चर रोपांना हार्डनिंगच्या वेळीच आत राहणारे जिवाणू द्यायचे, यावर कोईमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठात बरंच काम झालं आहे. डाळिंबातही तर्क तोच. टिश्यूकल्चर रोप आणलंत तर जिवाणू देण्याची वेळ लागवडीनंतर नाही, लागवडीच्या आधी पिशवीत. रोपं शेतावर आणल्यावर सावलीत दहा-बारा दिवस ठेवा आणि तेव्हाच पहिली आळवणी करा, म्हणजे जिवाणूंचं द्रावण मुळाशी ओता. गुटीला त्या मानाने घाई नाही.

पायरी २: खड्डा आणि बेड

साडेचार बाय तीन मीटरवर लावलं तर एकरी सुमारे ३०० झाडं बसतात. खड्ड्यात किंवा बेडमध्ये शेणखत घालताना ते पूर्ण कुजलेलं हवं. हातात घेतलं तर मातीसारखं भुरभुरीत, वास नाही, आत हात घातला तर गरम नाही. अर्धकच्चं शेणखत मुळाशी तापतं, हुमणीची अंडी-अळ्या आणतं आणि कोवळी मुळी जाळतं. मुळी जळाली की दार बंद, जिवाणूंचा विषय तिथेच मिटला.

जमीन चुनखडीची आणि भारी असेल तर बेड उंच घ्या. पाणी साचणाऱ्या जागी मुळीला हवा मिळत नाही, मर आणि कूज आधी पोचतात. शेणखतासोबत निंबोळी पेंड द्या, कारण सूत्रकृमींनी मुळावर गाठी केल्या की मर रोगाच्या बुरशीला आत जायला हवी तितकी भोकं मिळतात.

या पायरीवर युरिया नको. उसात तपासून पाहिलेलं आहे की नत्र भरमसाट दिलं तर ॲसिटोबॅक्टरची आतली वस्ती कमी होते.

पायरी ३: बाटली किंवा पुडा घेताना

आता दुकान. डाळिंबात सगळ्यात जास्त मिळतात ते दोन: स्युडोमोनास फ्लुरोसन्स आणि बॅसिलस सबटिलिस. दोघे मुळाजवळही राहतात आणि त्यांचे काही प्रकार आतही जातात. त्यांच्यातला एक फरक पक्का लक्षात ठेवा. बॅसिलस बीजाणू बनवतो. ऊन, कोरडेपणा, गोदामातली गरमी त्याला बऱ्यापैकी सहन होते. स्युडोमोनासला ते जमत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याच्या दुकानात समोरच्या फळीवर ठेवलेला स्युडोमोनासचा पुडा, तारीख बरोबर असली तरी, मी घेणार नाही.

लेबलवर या गोष्टी बघा: जिवाणूचं पूर्ण नाव, सीएफयूचा आकडा, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, आणि जैविक कीडनाशक असेल तर नोंदणी क्रमांक. सीएफयू म्हणजे एका ग्रॅममध्ये किंवा मिलिलिटरमध्ये वाढू शकणारे जिवंत जिवाणू किती, त्याचा आकडा. जैविक खत म्हणून विकलं जात असेल तर खत नियंत्रण आदेशानुसार पावडरीत ग्रॅमला किमान पाच कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरला किमान दहा कोटी असायला हवेत. 'अब्जावधी सूक्ष्मजीव' एवढंच लिहिलेलं असेल, नाव नाही, आकडा नाही, तर ते परत फळीवर ठेवा. एकाच बाटलीत चौदा प्रकारचे जिवाणू असल्याचा दावा असेल तर मला जास्तच शंका येते. ते एकमेकांसोबत वर्षभर बाटलीत जिवंत कसे राहतात, हे विक्रेत्याला विचारा.

बिल घ्या. पुढे लागतं.

पायरी ४: आळवणी कधी आणि कशी

वेळ मुळीवरून ठरवायची, कॅलेंडरवरून नाही. झाडाच्या छायेच्या कडेला, ड्रीपरजवळ चार बोटं माती हाताने अलगद बाजूला करा. खुरप्याने नको, मुळ्या तुटतात. दुधी पांढऱ्या, टोकाला किंचित पारदर्शक, बोटाने दाबली तर रसरशीत लागणाऱ्या बारीक मुळ्या दिसल्या तर वेळ बरोबर आहे. मुळ्या तपकिरी, सुकलेल्या, साल सुटणाऱ्या असतील तर आधी पाणी, सेंद्रिय खत आणि वाफसा सुधारा. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा बघा.

बहार धरलेल्या बागेत फुलं यावीत म्हणून आधी पाणी बंद ठेवून ताण देतात. तिथे सगळ्यात चांगली वेळ म्हणजे हा ताण तोडल्यानंतरची. आंबे बहार असो, मृग असो की हस्त, ताणाच्या काळात जमीन कोरडी असते आणि मुळी थांबलेली असते, त्या वेळी जिवाणू देणं म्हणजे पैसे वाया घालवणं. पहिली एक-दोन पाणी द्या, पालवीचे डोळे फुगू द्या, पांढरी मुळी दिसू द्या, मग आळवणी.

पद्धत साधी आहे. पावडर असेल तर लिटरला पाच ते दहा ग्रॅम, लेबलवर वेगळं लिहिलेलं असेल तर लेबलप्रमाणे. आधी थोड्या पाण्यात कालवून गाळा, मग टाकीत घाला. नव्या रोपाला अर्धा लिटर द्रावण पुरतं. एकराच्या ३०० झाडांना दीडशे लिटर होतं. जमीन वाफशावर असताना संध्याकाळी घाला. ज्यांना आळवणी जमत नाही त्यांनी एकरी एक किलो पावडर शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल ठेवून, सावलीत आठवडाभर झाकून ठेवावी आणि मग बेडवर पसरावी. मला हीच पद्धत जास्त आवडते, कारण जिवाणू खातपीत जमिनीत जातो.

पाणी क्लोरिनचं नको. नळाचं असेल तर रात्रभर उघड्या टाकीत ठेवा. ठिबकच्या नळ्या क्लोरिनने किंवा ॲसिडने साफ केल्या असतील तर नंतर साधं पाणी सोडून घ्या आणि दोन-तीन दिवस थांबा. विद्राव्य खत आणि जिवाणू एकाच टाकीत कधीही नको. क्षारांच्या घट्ट द्रावणात जिवाणू मरतो.

एकदा दिलं की झालं, असंही नाही. पहिल्या वर्षी तीन-चार आळवण्या, प्रत्येक वेळी नव्या मुळीच्या वेळी, एवढं पुरे.

गुळाच्या ड्रममध्ये वाढवून देण्याबद्दल सगळे विचारतात. गूळ घातला की ड्रममध्ये काहीतरी वाढतंच. तो तुमचा स्युडोमोनास आहे की पाण्यातला, हवेतला दुसराच कुणी, हे डोळ्यांना कळत नाही, आणि बहुतेक वेळा दुसराच जिंकतो. जीवामृत जरूर द्या, जमिनीला ते चांगलं आहे, पण ते वेगळं काम आहे आणि त्याची गणना इथे करू नका.

पायरी ५: फवारणीचं वेळापत्रक

इथे नवखा माणूस सगळ्यात जास्त फसतो. सकाळी कॉपर (तांबेयुक्त औषध), चार दिवसांनी जिवाणू, पुन्हा कॉपर. कॉपर आणि बोर्डो मिश्रण तेल्याच्या जिवाणूला मारतात तसेच पानावरच्या चांगल्या जिवाणूलाही मारतात. ते दोघांत फरक करत नाहीत. पानावर जिवाणू फवारायचेच असतील तर कॉपरच्या आधी आणि नंतर किमान आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवा. पावसाळ्यात तेल्याच्या दबावात एवढं अंतर मिळत नाही. मग त्या काळात पानावर जिवाणू फवारण्याच्या नादाला लागूच नका. जमिनीतून द्या, आणि पानाचं काम कॉपरला करू द्या. मुळात बसलेल्या जिवाणूपर्यंत पानावरचा कॉपर फारसा पोचत नाही.

स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनची जोडगोळी तेल्यासाठी वर्षानुवर्षं वापरली गेली. केंद्र सरकारने २०२१ च्या डिसेंबरमध्ये तिच्यावर बंदीचा आदेश काढला आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतीत तिचा वापर पूर्ण बंद आहे. 'जुना स्टॉक आहे, घ्या' म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका. कायद्याचं तर आहेच, पण प्रतिजैविक झाडाच्या आतही जातं आणि आतली चांगली वस्ती साफ करतं.

बुरशीनाशकांचं गणित वेगळं आहे. बुरशीवर काम करणारी बरीच औषधं जिवाणूला तितकी लागत नाहीत, पण ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीसोबत तीच औषधं दिली तर ट्रायकोडर्मा मरतो, कारण तो बुरशी आहे. ट्रायकोडर्मा वेगळा, जिवाणू वेगळा. दुकानदारही हे दोन्ही एकाच दमात सांगतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

छाटणीनंतर कात्री प्रत्येक झाडाला निर्जंतुक करा आणि जाड जखमांवर बोर्डो पेस्ट लावा. इथे चांगल्या जिवाणूला वाट मिळावी म्हणून जखम उघडी ठेवायची नाही. त्या वाटेने वाईटच आधी येतात.

आत खरंच काही आहे का, बघायचंय?

ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी. निरोगी झाडाची पेन्सिलीएवढी फांदी घ्या. धुवा, ७० टक्के स्पिरिटमध्ये एक मिनिट, मग घरातलं ब्लीच निम्मं पाणी घालून त्यात तीन मिनिटं, मग उकळून थंड केलेल्या पाण्यात चार-पाच वेळा खळखळून धुवा. म्हणजे सालीवरचं सगळं मेलं. आता गॅसवर तापवलेल्या, थंड झालेल्या ब्लेडने दोन्ही टोकं कापून टाका आणि मधला तुकडा बटाट्याच्या पाण्यात साखर व चायना ग्रास घालून, कुकरमध्ये अर्धा तास उकडून गोठवलेल्या जेलीवर टेकवा. शेजारी तशीच जेली भरलेल्या दुसऱ्या बाटलीत शेवटच्या धुण्याच्या पाण्याचा थेंब टाका. तीन-चार दिवसांत तुकड्याच्या कापलेल्या टोकाशी दुधट, ओलसर साय आली आणि थेंबाच्या बाटलीत काही आलं नाही, तर ती साय फांदीच्या आतून आली आहे. दोन्हींत आलं तर धुणं नीट झालं नाही.

बघताना झाकण उघडू नका. वास घेऊ नका. वाढलेलं जे आहे ते चांगलं की वाईट, हे बघून कळत नाही. झाडात राहणाऱ्यांपैकी काही जिवाणू माणसालाही त्रासदायक असतात. ते वाढवून बागेत घालायचा विचार तर अजिबात नको. ब्लीच ओतून, दिवसभर ठेवून टाकून द्या.

कोमेजलेलं झाड काढायची वेळ आली तर त्याचंही खोड आडवं कापून बघा. निरोगी लाकूड फिकट पिवळसर दिसतं. मर रोगाच्या झाडात पाण्याच्या नळ्यांच्या जागी तपकिरी-काळपट पट्टे, कधी चांदणीसारखे फाकलेले, दिसतात. असं दिसलं तर त्या झाडाला जिवाणू देत बसू नका. ते आणि त्याची मुळं काढून जाळा, शेजारच्या झाडांच्या आळवणीसाठी सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचं वेळापत्रक घ्या, आणि जिवाणूंचा विचार त्यानंतर.

पायरी ६: फरक पडला की नाही

पहिल्याच वर्षी बागेच्या मधल्या भागातल्या दोन ओळी सोडा. बाकी पाणी, खत, फवारणी तीच. फक्त जिवाणू नाहीत. कडेच्या ओळी नकोत, तिथे ऊन-वारा वेगळा लागतो. ओळीच्या दोन्ही टोकांना रंगाचा पट्टा मारा, नाहीतर मजूर सवयीने तिथेही आळवणी करून मोकळा होतो.

दर दोन महिन्यांनी दोन्हीकडच्या पाच-पाच झाडांची पांढरी मुळी बघा, खोडाची जाडी जमिनीपासून वीतभर उंचीवर दोरीने मोजा आणि मेलेली किंवा कोमेजलेली झाडं वहीत लिहा. पानांच्या काळोखीवर जाऊ नका, ती युरियानेही येते. दोन बहारांनंतरही सोडलेल्या ओळी आणि बाकीची बाग यांत काहीच फरक दिसत नसेल, तर एक तर तुमच्या जमिनीत आधीच पुरेसे जिवाणू आहेत किंवा तुम्ही घेतलेला पुडा मेलेला होता. दुसऱ्या वेळी कंपनी बदलून बघा. तरीही नाही, तर तेच पैसे शेणखताला लावा.